वावडीचं वेळापत्रक

दोन वर्षं साखळीला होती.
सटवाजीचा पोरगा चाकणला कामाला लागला, जाताना म्हणाला,
"बाई, तुमी पीटीच्या. तुमीच बगा आता हिच्याकडं."
जात कारवानी, पण हात फिरवला तर बरगडी सापडेना.
नाव काय, तर वावडी.
वावडी! दारात पोत्यागत पडलेली.

पहिले पंधरा दिवस नुसतं चालणं.
घर ते पाझर तलाव, तलाव ते घर,
ऊन चढायच्या आत.
लामजन्याच्या रस्त्यावर आधी माझा हात उपडा,
दहा आकडे मोजून.
मला चटका तर तिलाही चटका.
शेजारचा व्यंकट पंप सोडून बघत राहायचा,
"बाई रस्त्याचा ताप बगायल्यात!"

मग नांगरलेलं रान.
मागच्या मांड्यांना काळ्या ढेकळांसारखा वस्ताद नाही,
एक पाय रुतला की दुसऱ्याला डोकं चालवावं लागतं.

शाळेनं मोडीत काढलेली शिडी अंगणात आडवी टाकली.
पुढचे दोन पाय नीट पडायचे,
मागचे खडखड वाजत यायचे.
आपल्याला मागंही दोन पाय आहेत
हे कुत्र्यांना ठाऊकच नसावं.
माझ्या सहावी ब ला पण ठाऊक नसायचं.

चैत्रात खदान.
तिच्या पोटाला जुनं लुगडं, दुसरं टोक माझ्या मनगटाला.
मला पोहता येत नाही.
हे मी तिला सांगितलं नाही.

पंजांना करडीचं तेल. ज्वारीची भाकर ताकात, मोजून.
तीन बरगड्या दिसल्या की बरं,
चौथी दिसली की अर्धी भाकर वाढवायची.
गुरुवारी बाजार, म्हणून सुट्टी.

दस्तगीर मामूंनी एकेकाळी अशा सहा पाळल्या होत्या.
एकदा ओट्यावरून म्हणाले,
"ससा धरायचा नाही, शर्यत लावायची नाही,
मग कशाला घासायलीस तिला?
तलवार घासायची आन् म्यानात ठेवायची?"

मला उत्तर सुचलं नाही.
एकतीस वर्षं पोरं पळवली,
तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.
लिंबाजी शंभर मीटर तेरा सेकंदांत जायचा.
आता औशात किराणा दुकानात बसतो.
पण साखरेचं पोतं उचलताना अजून गुडघ्यात वाकतो,
पाठीत नाही.
मी साखर तिथूनच आणते.

तूर निघालेल्या रानात, सोमवारी,
खुंटांमधून ससा उठला.
पट्टा माझ्या हातात होता, तिच्या गळ्यात नव्हता.

गेली.
पाठीची कमान झाली, सुटली, परत झाली,
चारी पाय एकदम वर,
खाली सावली एकटीच पळायलीय.
नाव ठेवणाऱ्यानं हे बघितलेलं असणार.
घड्याळ गळ्यात होतं, कळ दाबायचं राहून गेलं.

बांध जवळ आला. मी शिट्टी फुंकली, दोन आखूड.
जी शिकवायला सगळ्यात जास्त दिवस लागले
आणि जिच्यासाठी शिडी नाही, ढेकळं नाहीत,
खिशात गुळाचा खडा ठेवावा तर गूळ कुत्र्याला चालत नाही,
वाळली भाकरच.

थांबली.
धुरळा तिच्या पुढं निघून गेला.
ससाही गेला.
तास रंगात आलेला असताना घंटा झाली
की पोरं बघायची, तसं तिनं माझ्याकडं बघितलं.
मी नजर वळवली.

लगेच पाणी नाही. आधी दहा मिनिटं सावकाश चालणं,
मग वाटीनं, थोडं थोडं.
लिंबाखाली तिच्या डाव्या कुशीला हात लावला.
पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं असतं.
हातचा धरायचा राहिला,
पुन्हा पहिल्यापासून मोजलं.